अकरा पाहुणे, एक गिझर आणि सागवानी फळी

डिसेंबरात नागपुरात अधिवेशन भरलं की हॉटेलात खोली मिळणं कठीण. 1953 च्या नागपूर करारात वर्षातलं एक अधिवेशन इथं घ्यायचं ठरलं, म्हणून आमचा हिवाळा असा गजबजलेला असतो. माझ्या पुतण्याचं लग्न नेमकं त्याच आठवड्यात आलं. मुलीकडची मंडळी पुण्याची. दिरांनी सगळीकडे फोन करून पाहिले आणि शेवटी 11 जणांचा मुक्काम आमच्या प्रतापनगरच्या घरी ठरला.

घर ऐसपैस आहे, गाद्याही भरपूर आहेत. पण न्हाणीघरं दोन आणि गिझर एक. रात्रीच्या गाडीनं आलेले पाहुणे सकाळी एकदमच दारात उभे राहतात, नाश्त्याला मात्र एकदम कधीच बसत नाहीत. एकाची अंघोळ नऊला होते, दुसऱ्याची साडेदहाला. कुणी आधी चहा घेऊन पडतं, कुणाला पूजा झाल्याशिवाय काही चालत नाही. अशा कितीतरी सकाळी मी ओट्यापाशी उभं राहून काढल्या आहेत. चौघांचे पोहे, मग तिघांचे, मग उरलेल्यांना तेच पुन्हा गरम करून. बाहेरच्या खोलीत हसण्याचे आवाज यायचे आणि कोण कशावर हसलं ते मला दुपारी कळायचं. या वेळी मला पाहुण्यांमध्ये बसायचं होतं. ही मंडळी आता जन्मभराची नात्यातली होणार होती.

म्हणून फळी मांडायचं ठरवलं. एका लांब फळीवर नाश्त्याचं सगळं मांडून ठेवायचं, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्यानं येऊन हवं ते घ्यायचं. लेक बंगलोरला असते, तिच्याकडे मी हे पहिल्यांदा पाहिलं होतं. तिथं चीज होतं, ब्रेड होते, द्राक्षं होती. ते मला नागपुरात करायचं नव्हतं. डिसेंबरात इथल्या बाजारात जे येतं त्यावरच दोन फळ्या भरतील.

सासूबाईंना पटलं नाही. त्या 82 वर्षांच्या आहेत आणि पाहुण्याला वाढण्यात त्यांचा जीव आहे. "पाहुणे काय स्वतःच्या हातानं घेऊन खातीन का? काऊन असं करून राहिली तू?" त्यांचं म्हणणं मला समजत होतं. आमच्याकडे 'घ्या ना, अजून एक' असं तीनदा म्हटल्याशिवाय पाहुणचार झाला असं वाटत नाही. मी दोन दिवस त्यावर विचार केला, आणि उत्तर सापडलं ते तर्रीत. ते पुढे सांगते.

फळी आमच्या महाल भागातल्या जुन्या घराच्या दाराची आहे. घर पाडलं तेव्हा ह्यांनी दाराचा एक पल्ला ठेवून घेतला होता. सुतारानं रंधा मारून चार फूट लांब, दीड फूट रुंद फळी काढून दिली. सागवान आहे, वजनाला चांगलंच. तिला मी कच्चं जवसाचं तेल लावते. रंगाच्या दुकानात उकळलेलं म्हणून मिळतं ते लावू नका, त्यात तेल लवकर वाळावं म्हणून इतर द्रव्यं घातलेली असतात. घाण्याचं साधं तेल फडक्यानं पातळ लावायचं आणि आठ-दहा दिवस वाळू द्यायचं. जवसाचं तेल लाकडात मुरून घट्ट होतं. हे लग्नाच्या आधी महिनाभर करून ठेवलं होतं.

काय मांडायचं ते ठरवताना मी एकच कसोटी लावली. नऊला ठेवलेलं साडेअकराला तितकंच चांगलं लागलं पाहिजे. अडीच तास. या कसोटीत खूप आवडते पदार्थ गळाले. उकडपेंडी गेली, ती गार झाली की तिचा गोळा होतो. मूगवडे गेले. चिरलेली केळी, सफरचंदं गेली, काळी पडतात म्हणून. उरलं ते असं: तुरीच्या उकडलेल्या शेंगा, उकडलेले शिंगाडे, संत्री, सांबारवडी, मिरचीचा ठेचा, जवसाची चटणी, दही, लिंबाचं गोड लोणचं, दशम्या, मुरमुऱ्याचे लाडू, संत्राबर्फी आणि पोरांसाठी टोस्ट. मे महिन्यात मी हे मांडणार नाही. आमच्या उन्हाळ्यात दही तासाभरात आंबून जातं. डिसेंबरातली नागपूरची सकाळ मात्र अशा कामाला फारच उत्तम.

सांबारवडीबद्दल सविस्तर लिहिते, कारण पुण्याच्या पाहुण्यांचा सगळ्यात जास्त घोळ तिथंच झाला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी फोनवर विहीणबाईंना सांबारवडी करणार असं सांगितलं तर त्यांना वाटलं इडलीबरोबरचं सांबार. मग कोथिंबीर म्हटल्यावर त्यांना त्यांची वाफवून कापलेली कोथिंबीर वडी आठवली. ही वेगळी. पातळ पारीत सांबाराचं सारण भरून, पुडी बांधून तळलेली. काही घरी हिला पुडाची वडीच म्हणतात.

हिचं सगळं यश सांबार कोरडा असण्यात आहे. सहा जुड्या मी आदल्या दुपारी निवडल्या, धुतल्या, चाळणीत निथळल्या आणि सुती लुगड्यावर पंख्याखाली पसरल्या. दर तासानं हात फिरवून उलटल्या. रात्री मुठीत धरून दाबलं तर तळहाताला ओल लागायला नको, इतकं वाळलं पाहिजे. ओला राहिला तर पारी आतून भिजते, तळताना फुटते आणि तेल अंगावर उडतं. मग बारीक चिरून त्यात भाजलेली खसखस, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, चारोळी, लसूण, हिरवी मिरची, गोडा मसाला, मीठ आणि चिमूटभर साखर. पारी बेसन आणि थोड्या मैद्याची, घट्ट भिजवलेली, मोहन कडकडीत. लाटलेल्या पारीला आतून चिंच, गूळ आणि तिखटाचं बोट फिरवायचं, म्हणजे चावल्यावर आधी कुरकुरीत, मग हिरवं, मग आंबटगोड असं एकामागून एक येतं. अशा चाळीस वड्या रात्री भरून ओल्या फडक्याखाली ठेवल्या आणि सकाळी दहा-दहा तळल्या. एकदम चाळीस तळल्या असत्या तर शेवटच्या माणसाला मऊ वडी मिळाली असती.

तुरीच्या शेंगा दोन किलो घेतल्या गोकुळपेठ बाजारातून. निवडताना शेंग बोटांनी दाबून पाहायची, दाणा टच्च भरलेला लागला पाहिजे. चपट्या शेंगा उकडून नुसतं पाणी होतं. मोठ्या गंजात पाणी, त्यात नेहमीपेक्षा दुप्पट मीठ, कारण मिठाला सालातून आत जायचं असतं. वीसेक मिनिटं उकळल्या की एक सोलून पाहायची. दाणा बोटात दबला की उतरवायच्या, आणि त्याच पाण्यात पाच मिनिटं राहू द्यायच्या.

संत्री तीन डझन. आंबिया बहार अगदी भरात होता. रंगावर जाऊ नका, हातात घेऊन वजन बघा. दिसायला लहान आणि हाताला जड असं फळ रसाळ निघतं. साल फुगून गरापासून फार सुटलेली असेल तर आत कोरडं असण्याची भीती. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण पुण्याच्या लोकांना सुटी होणारी ती साल हातानं सोलून बघायला मिळावी हे मला जास्त महत्त्वाचं वाटत होतं. म्हणून निम्मी संत्री अख्खी ठेवली. उरलेल्यांच्या सालीला मधोमध गोल चीर दिली, वरची अर्धी साल टोपीसारखी काढली आणि फोडी खालच्या वाटीत तशाच राहू दिल्या. सगळ्या फोडी मोकळ्या करून पसरल्या तर अर्ध्या तासात वरून सुकतात. मागच्या दिवाळीत मी तसंच केलं होतं, शिवाय शेजारी शेव ठेवली होती. शेव मऊ आणि फोडी कोरड्या, दोन्ही वाया गेलं.

मांडणी साडेआठला सुरू केली. आधी केळीची पानं गॅसच्या आंचेवरून फिरवून घेतली, त्यानं पान मऊ पडतं आणि फाटत नाही. मग वाट्या. वाट्याच पहिल्या ठेवायच्या, त्या जड असतात आणि त्यांनी जागा ठरते. दह्याचा सट मध्ये, ठेचा एका टोकाला आणि जवसाची चटणी दुसऱ्या टोकाला, म्हणजे सगळी गर्दी एकाच जागी होत नाही. नंतर मोठ्या वस्तू: शेंगांचा ढीग, संत्री, काळेभोर शिंगाडे. दशम्या घडी करून उभ्या. ओलं सगळं डावीकडे, कोरडं उजवीकडे, मधे संत्र्यांची भिंत. बर्फी आणि लाडू सगळ्यात शेवटी, उरलेल्या फटींत. शेंगांच्या आणि शिंगाड्यांच्या शेजारी सालांसाठी दोन रिकामे कोपर, म्हणजे पसरट ताटं, ठेवले. हे विसरू नका. साल टाकायला जागा दिसली नाही तर पाहुणा शेंगेला हातच लावत नाही, संकोच करतो.

आणि तर्री पोहे फळीच्या बाहेर, शेजारच्या टेबलावर. ते नाहीत तर नागपूरचा नाश्ता कसला? अर्धा किलो काळे हरभरे रात्री भिजवून शिजवलेले. कांदा, सुकं खोबरं, लसूण, आलं, खसखस भाजून वाटलेलं. हे वाटण तेलात इतकं परतायचं की कडेनं तेल सुटून वाटण कढईत फिरायला लागतं. मग भिवापुरी मिरचीचं तिखट, आणि वरून आधणाचंच पाणी. गार पाणी ओतलं तर तर्री वर येत नाही. मंद आंचेवर अर्धा तास ठेवलं की वर लालभडक थर जमतो. तो मी डावानं अलगद काढून वेगळ्या वाटीत घेतला. खाली सौम्य रस्सा राहिला. ज्याला जितकं सोसेल तितकी तर्री.

सासूबाईंना मी त्या गंजापाशी खुर्ची टाकून दिली, हातात डाव दिला. पोह्यांची फोडणी तयार होती. न्हाणीतून माणूस बाहेर आला की त्याच्यापुरते पोहे भिजवायचे, चार मिनिटं वाफ द्यायची, एवढंच काम लेकीकडे. प्रत्येक बशी सासूबाईंपुढे जायची आणि त्या विचारायच्या, "तर्री किती देऊ? थोडी अजून घ्या ना, थंडी आहे." मनासारखा आग्रह त्यांनी सोळा माणसांना केला. पुण्याचे व्याही तिसऱ्या डावाला डोळ्यांतून पाणी काढत होते आणि बशी मागे घेत नव्हते.

मी फळीपाशी बसले होते. नवऱ्या मुलीची आत्या संत्र्याची साल सोलून हातात तशीच धरून बसली आणि मला तिच्या आईबद्दल सांगत राहिली. पोरं टोस्ट सोडून शिंगाडे फोडायला शिकली, नखं काळी करून घेतली.

मुलीचे आजोबा सगळ्यात शेवटी आले, सव्वाअकराला. वय 78, मधुमेह वीस वर्षांपासून. सुनबाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की ते परक्या घरी नाश्त्याला बसायचंच टाळतात, कारण जिथं जावं तिथं कुणी ना कुणी हातावर पेढा ठेवतं, आणि नाही म्हणून म्हणून ते थकतात. मी त्यांची खुर्ची फळीच्या डाव्या बाजूला ठेवली होती. बर्फी त्यांच्यापासून चार फूट लांब होती आणि त्यांना कुणी काही विचारलं नाही. त्यांनी आधी नुसतं पाहिलं. मग एक शेंग उचलली, शिवणीवर अंगठा दाबला, चार हिरवे दाणे तळहातावर काढले आणि एकेक करून खाल्ले. मग दुसरी. मग दही, ज्वारीची दशमी, ठेच्याचं बोट.

"आमच्याकडे तूर डाळीतच भेटते," ते म्हणाले. "ही अशी कधी खाल्ली नव्हती. मीठ आतपर्यंत कसं गेलं हो?"

मी त्यांना गंजाचं, दुप्पट मिठाचं, पाच मिनिटं पाण्यातच ठेवायचं सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि सोलत होते. बारा वाजता वरच्या मजल्यावर मेंदी काढणाऱ्या बाया आल्या, सगळे तिकडे गेले. आजोबा उठले नाहीत. सालांचा कोपर शिगोशीग भरला होता. सासूबाईंनी तर्रीचा डाव खाली ठेवला, खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि त्याही शेंगा सोलायला लागल्या.