ओळंबा

कृत्रिम पाय बसवायचं काम मी सतरा वर्षं करतोय. शिबिरं किती झाली ते मोजलेलं नाही, पण गुहागरचं मे महिन्यातलं ते शिबिर डोळ्यांसमोरून जात नाही. त्यानंतर पाय तपासायची माझी पद्धतच बदलली.

शाळेला सुट्टी होती म्हणून वर्ग मिळाले. एकात मापं, दुसऱ्यात प्लास्टर आणि व्हरांड्याच्या टोकाला भट्टी. दापोलीकडची माणसं दाभोळहून फेरीबोटीनं धोपाव्याला उतरून पुढे एसटीनं आलेली. सगळा खर्च फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघाच्या मुंबईतल्या एका लॉजचा, म्हणजे शाखेचा. त्यात सामान आणि आमचा प्रवास होताच, पण येणाऱ्या प्रत्येकाचं आणि त्याच्या सोबत्याचं दोन दिवसांचं जेवण आणि गाडीभाडंही होतं. हे गाडीभाडं बहुतेक देणगीदारांच्या ध्यानात येत नाही. पाय फुकट मिळाला तरी तो घ्यायला यायचं तर सोबत्याचा दोन दिवसांचा रोज बुडतो. लॉजच्या काकांनी महिनाभर आधी फोन करून नेमकं हेच विचारलं होतं.

काका पंचाहत्तरीचे, पूल बांधण्यात हयात गेलेले इंजिनियर. लॉजमध्ये ते आल्मोनर होते, म्हणजे अडल्यानडलेल्यांची, सभासदांच्या विधवांची विचारपूस करणारा आणि मदत पोचवणारा माणूस. सभा संपताना पेटी फिरते, ज्याला जे जमेल ते तो टाकतो, आणि कोणी किती टाकलं ते कोणी बघत नाही, असं त्यांनी सांगितलं.

सकाळी नोंदणीच्या रांगेत मात्र कुजबुज सुरू झाली. फलकावर गुण्या आणि कंपासची खूण होती. ती बघून एक म्हातारा मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘डाक्टर, ही लोकं धर्म बदलाया तर नाय ना सांगनार?’’ मी डॉक्टर नाही, तंत्रज्ञ आहे, पण ते राहू दे. काकांच्या कानावर हे गेलं. ते रागावले नाहीत. रांगेसमोर बाक ओढून बसले आणि सांगायला लागले. लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता शेजारी शेजारी ठेवतात. ईश्वर मानणारा कुठल्याही धर्माचा माणूस चालतो, आणि सभेत धर्म आणि राजकारण या दोन विषयांवर वाद घालायला बंदी असते. मुंबईत १८४३ साली जेम्स बर्न्स या डॉक्टरनं भारतीय माणसांना घेणारं लॉज काढलं. १९६१ पासून भारताचं स्वतःचं ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांची वरची संस्था, आहे.

रांगेतला एक जण हे लक्ष देऊन ऐकत होता. अंगात चिऱ्याच्या लाल धुळीनं विटलेला शर्ट, खांद्यावर पिशवी. त्यानं विचारलं, ‘‘मेसन म्हंजे गवंडीच ना, काका?’’

‘‘नावाचे गवंडी. युरोपात जुन्या काळी मोठमोठी चर्च बांधणाऱ्या पाथरवटांचे संघ होते, त्यांची हत्यारं आम्ही खूण म्हणून घेतली. आमच्या अध्यक्षाच्या गळ्यात गुण्या असतो, सीनियर वॉर्डनच्या गळ्यात पाणसळ आणि ज्युनियर वॉर्डनच्या गळ्यात ओळंबा.’’

त्या माणसानं पिशवीत हात घालून सुतळीला बांधलेला लोखंडी ओळंबा काढला. ‘‘ह्यो?’’ काकांनी तो हातात घेतला, वजन बघितलं आणि म्हणाले, ‘‘हाच. फक्त तुमचा खरा कामाचा आहे.’’ कुजबुज तिथंच थांबली.

त्याची बायको बाकावर बसली होती. चाळिशीची, डावा पाय गुडघ्याखाली नाही. गवत कापताना फुरसं, म्हणजे विषारी साप, चावलं होतं. घरच्यांनी घाबरून पोटरीवर दोरी करकचून आवळली, आणि सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत ती तशीच राहिली. लस मिळाली, जीव वाचला, पण आवळलेल्या पायाचं रक्त तुटलं होतं. असे पाय मी कोकणात बरेच पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो. दोरी बांधू नका, पाय हलवू नका, लगेच दवाखाना गाठा, एवढंच करायचं असतं.

ताईंनी मला एकच गोष्ट विचारली. ‘‘ह्यो पाय चिखलात चालंल काय? मला भाताच्या लावनीला उतरायचं हाय.’’

मी छातीठोकपणे हो म्हणालो. आम्ही बसवतो तो जयपूर फूट त्यासाठीच तर घडला. १९६८ च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी आपल्या माणसांची उठबस बघून तो केला. त्यावर बूट लागत नाही, मांडी घालता येते, उकिडवं बसता येतं, आणि रबर पाण्याला दाद देत नाही.

काम नेहमीसारखं झालं. उरलेल्या पायावर प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतला, त्यात प्लास्टर ओतून पायाची प्रत काढली. गुडघ्याच्या वाटीखाली जिथं भार घ्यायचा तिथं ती कोरली, हाडाचं टोक दुखेल तिथं भर दिली. मग भट्टीत मऊ झालेला प्लास्टिकचा पाईप त्यावर ओढला आणि खाली रबराचं पाऊल जोडलं. दुपारी ताई दोन कठड्यांमध्ये उभ्या राहिल्या. मी कमरेपासून ओळंबा सोडला. रेषा बरोबर. व्हरांड्यात त्या चार फेऱ्या चालल्या. मी वहीत बरोबरची खूण केली आणि पुढच्याला हाक मारली.

काका म्हणाले, ‘‘थांबा. त्या व्हरांड्यात राहतात का?’’

मला आधी समजलंच नाही. पूल बांधला की त्यावरून भरलेले ट्रक नेऊन बघतात, नुसता डोळ्यांनी बघून कोणी खुला करत नाही, असं म्हणत ते शाळेच्या मागे गेले. तिथं परसबागेचा वाफा कोरडा पडलेला. काका, तो गवंडी आणि शाळेचा शिपाई, तिघांनी नळावरून बादल्या आणून ओतायला सुरुवात केली. मे महिन्यात गुहागरात पाण्याची काय किंमत असते ते सांगायला नको. शिपायानं कुदळीनं माती फोडली, गवंड्यानं पायानं तुडवली. अर्ध्या तासात घोटा बुडेल असा चिखल झाला.

ताईंनी लुगडं खोचलं आणि उतरल्या. पहिलं पाऊल बसलं. दुसरं उचलताना चिखलानं रबराचं पाऊल धरून ठेवलं, ताईंचा गुडघा वर आला आणि पाय चिखलातच उभा राहिला. नवऱ्यानं धरलं म्हणून त्या पडल्या नाहीत. गुडघ्यावरचा पट्टा एवढ्या ओढीला पुरा पडत नव्हता. कोरड्या फरशीवर हे मला कधीच दिसलं नसतं. आणि जुलैत, भर लावणीत, तरव्याची मूठ हातात असताना त्या पडल्या असत्या. किती जणांना मी असे पाय देऊन घरी पाठवलं असेल, हा विचार आला आणि मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

‘‘चूक माझी आहे, ताई,’’ मी म्हणालो. ‘‘उद्या सकाळपर्यंत दुसरा करतो.’’

त्या रात्री शाळेतले दिवे आम्ही मालवले नाहीत. सॉकेटच्या, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या प्लास्टिकच्या भागाच्या, दोन्ही कडा उंच घेतल्या, गुडघ्याच्या हाडांच्या वर पकड बसेल अशा. शिवाय कमरेला पट्टा आणि त्यातून खाली येणारा ताणाचा पट्टा दिला. काका खुर्चीवर बसून होते. दोनदा चहा करून आणला, सल्ला एकदाही दिला नाही. रबराला चिखल किती जोरानं धरतो ते मात्र त्यांनी वजनकाटा बांधून माझ्यासोबत तीन वेळा मोजलं.

सकाळी वाफ्यात पुन्हा पाणी ओतलं. ताई उतरल्या. एक पाऊल, दुसरं, मग वाकून, लावणी करतात तशा मागं मागं सरकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. पाय प्रत्येक वेळी आवाज करत सुटून आला. नवऱ्यानं त्यांना बाहेर घेतलं, सरळ उभं केलं आणि स्वतःचा ओळंबा कमरेपासून सोडला. डोळा बारीक करून बराच वेळ बघत राहिला.

‘‘सरळ हाय,’’ म्हणाला.

निघताना काकांनी कोणाला फोटोसाठी उभं केलं नाही. पुढच्या शिबिराच्या सामानाच्या यादीत मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं दोन ओळी वाढवल्या. कुदळ एक, बादल्या चार.

ताई नळावर बसल्या होत्या. उजवा पाय भसाभस धुतला. मग डावा पुढे घेतला, हिराची काडी शोधून आणली आणि रबराच्या बोटांच्या फटींतला चिखल एकेक करून काढू लागल्या.