मॅग्नेट चिकटला आणि लॉकआउटचं मूळ सापडलं

आमच्या बॉयलरच्या प्रेशरचं प्रकरण मागच्या वेळी मिटलं, ते मिटलेलंच आहे. सिस्टिम गार असताना काटा १.२ बार, हीटिंग जोरात चालू असताना २ च्या आसपास. पीआरव्हीचा (म्हणजे दाब फार वाढला की पाणी बाहेर सोडणाऱ्या वॉल्व्हचा) तांब्याचा पाइप बाहेरच्या भिंतीवर कोरडा ठाक. पण ओव्हरहीटचा लॉकआउट (जास्त तापलं म्हणून बॉयलरने स्वतःच बंद पडणं) काही पाठ सोडत नव्हता. तो अखेर या शनिवारी सुटला, म्हणून हा अपडेट.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: इंग्लंडमधल्या रेडिंगमधलं १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर, कॉम्बी बॉयलर (नळाचं गरम पाणी आणि रेडिएटरचं हीटिंग एकाच डब्यातून), सिस्टिममध्ये अंदाजे ९० लिटर पाणी. एक्स्पान्शन व्हेसल (तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणारी, हवा भरलेली टाकी) ८ लिटरचं, त्यातली हवा उतरून ०.२ बारवर आली होती. पाणी २० वरून ७० अंशांवर गेलं की ९० लिटरमागे जवळजवळ दोन लिटर फुगतं. तेवढी जागा व्हेसलमध्ये नसेल तर काटा २.९ पर्यंत चढतो आणि ३ बारची पीआरव्ही थुंकते. सिस्टिम रिकामी करून, व्हेसलच्या श्रेडर वॉल्व्हला (गाडीच्या टायरला असतो तसा) सायकलचा पंप लावून हवा १ बारवर नेली, विषय संपला. आमच्या मॉडेलात तो वॉल्व्ह वरच आहे, केसिंग काढावं लागत नाही. ज्यांना काढावं लागतं त्यांनी गॅस सेफवाल्यालाच (नोंदणीकृत गॅस इंजिनियरलाच) बोलवावं. बऱ्याच बॉयलरांत पुढचा पत्रा हा ज्वलनकक्षाच्या सीलचाच भाग असतो, तिथे हौस नको.

आता लॉकआउट. लक्षण विचित्र होतं. नळाला गरम पाणी अखंड, कितीही वेळ आंघोळ करा. हीटिंग लावलं की मात्र दहा-पंधरा मिनिटांत बर्नर बंद आणि स्क्रीनवर ओव्हरहीटचा कोड. तपासायला आलेल्या इंजिनियरने पंपावर बोट ठेवलं आणि बोलता बोलता नव्या बॉयलरचं कोटेशनही पुढे सरकवलं. मला ते पटेना. नळाच्या पाण्यासाठी डायव्हर्टर (वाट बदलणारा वॉल्व्ह) सिस्टिममधलं तेच पाणी आतल्याआत प्लेट एक्स्चेंजरमधून फिरवतो. पंप तोच, मुख्य हीट एक्स्चेंजर तोच, सेन्सरही तेच. ते सगळे तिथे नीट काम करतात आणि हीटिंगला आजारी पडतात, हे कसं? म्हणजे दुखणं डब्याच्या बाहेर, रेडिएटरच्या वाटेवर.

बॉयलरखालच्या दोन्ही पाइपांना क्लिपचे थर्मामीटर लावले, वरून काळी टेप गुंडाळली. फ्लो (रेडिएटरकडे जाणारा) ७८ अंश, रिटर्न (परत येणारा) ३८. चाळीसचा फरक! कंडेन्सिंग बॉयलरला साधारण वीसचा लागतो. पाणी फिरतच नव्हतं, बर्नर जागच्या जागी तेवढंच पाणी तापवत बसला होता.

मग नेहमीची पारायणं. टीआरव्ही (रेडिएटरचे थर्मोस्टॅटवाले वॉल्व्ह) सगळे उघडे, हवा काढली, मॅग्नेटिक फिल्टर साफ केला. फिल्टरमधून निघालेला गाळ बोटाला लागला की काजळासारखा बसायचा, साबणानेही निघेना. रेडिएटर वर गरम आणि खाली गार होते, म्हणजे तळाला गाळ. एकेक रेडिएटर सोडून बाकीचे बंद केले, रबरी हातोडीने ठोकत गाळ फिल्टरकडे ढकलला. फरक चाळीसचा पस्तिसावर आला. आनंद झाला, पण पोट भरलं नाही.

आणि इथे लेस्टरच्या एका काकांचा सल्ला कामी आला: तांब्याला लोहचुंबक चिकटत नाही, चिकटला तर आत मॅग्नेटाइट (लोखंडाचा काळा गंज) आहे असं समजा. जाडजूड निओडायमियम मॅग्नेट घेऊन २२ मिमीच्या रिटर्न पाइपवरून बॉयलरपासून मागे मागे फिरवत गेलो. सगळीकडे घसरला. एअरिंग कपबोर्डमध्ये (कपडे उबदार ठेवायच्या कपाटात) टॉवेलांच्या मागे एका टीवर (तीन तोंडांच्या जोडावर) मात्र टक्क करून बसला, हात सोडला तरी पडेना.

हा टी जुन्या काळातला. कॉम्बी बसवण्याआधी घरात माळ्यावर टाकी होती, तिचा कोल्ड फीड (गार पाणी आणणारा पाइप) इथे येऊन मिळायचा. बदलताना वरचं तोंड कॅप केलं आणि टी तसाच ठेवला. अशा टीपाशी गाळ साचणं हे जुन्या सिस्टिमचं ठरलेलं दुखणं. त्यात आमची पीआरव्ही पाणी सोडायची, मी फिलिंग लूपमधून (सिस्टिममध्ये नळाचं पाणी भरायच्या जोडणीतून) भरायचो आणि दर भरणीला ताजा ऑक्सिजन आत जायचा. त्यानेच रेडिएटरचं लोखंड खाल्लं. प्रेशर आणि ओव्हरहीट ही दोन वेगळी दुखणी नव्हतीच.

पाणी काढून पाइप स्लाइसने टी कापला. २२ मिमीच्या पाइपात जेमतेम पेन्सिल जाईल एवढं भोक उरलं होतं, बाकी काळा, दाणेदार, दगडासारखा थर. सरळ तुकडा टाकून दोन कॉम्प्रेशन कपलर लावले. पुश-फिटवाल्यांनी (नुसते दाबून बसवायचे जोड वापरणाऱ्यांनी) रागावू नये, पण कपाटात दिसणार नाही अशा जागी मला स्पॅनरने आवळलेलंच जॉइंट झोप देतं. टिश्यू गुंडाळून रात्रभर ठेवला, सकाळी कोरडा.

आता फ्लो ६८, रिटर्न ५०. लॉकआउट नाही. वरच्या मजल्यावरची मागची खोली या घरात पहिल्यांदाच स्वेटरशिवाय बसण्याजोगी झाली.

पुढचा बेत होता सेंटिनेल एक्स४०० (गाळ सोडवणारं क्लीनर) घालून काही आठवडे फिरवायचा, मग धुऊन इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन). मी फर्नॉक्स एफ१ घालतो. स्वस्तातल्या बिननावाच्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही. पण हे लिहितानाच डोक्यात आलं: पाणी काढायचंच आहे तर त्याच खेपेला रिटर्नवर बाहेरून १२ लिटरचं व्हेसल का जोडू नये? टीची जागा तिथेच आहे, भिंतही मोकळी. आतलं ८ लिटरचं मग म्हातारं झालं तरी चालेल. तेव्हा क्रम असा: आधी एक्स४००, धुताना व्हेसल, शेवटी एफ१ आणि लॉकशील्ड (रेडिएटरचा दुसऱ्या टोकाचा वॉल्व्ह) फिरवून बॅलन्सिंग, म्हणजे सगळ्या रेडिएटरांत पाण्याची वाटणी.

१२ की १८ लिटर, यावर अनुभव असेल तर सांगा. ब्रॅकेट त्यावर ठरेल, ऑर्डर अजून केलेली नाही.