पहिले दोन आठवडे मुद्दाम कमी करा

पहिल्या दिवशी पन्नास बैठका, तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याचा आधार आणि पाचव्या दिवशी व्यायाम बंद. नव्याने सुरुवात करणारे कितीतरी लोक इथेच गळतात आणि ‘आपल्यात चिकाटीच नाही’ असं ठरवून मोकळे होतात. चिकाटीचा इथे फारसा संबंध नसतो. मात्रा चुकलेली असते.

बैठकीत खाली जाताना मांडीचा पुढचा स्नायू एकीकडे लांबत असतो आणि त्याच वेळी शरीराचं वजनही पेलत असतो. सवय नसलेल्या स्नायूच्या तंतूंना अशा कामात सूक्ष्म इजा होते आणि तिथे हळूहळू दाह वाढतो. म्हणून त्या दिवशी फार काही वाटत नाही. दुखणं सुरू होतं साधारण १२ ते २४ तासांनी, आणि सर्वांत जास्त जाणवतं २४ ते ७२ तासांच्या दरम्यान. हा दोष जोराच्या श्रमात स्नायूंत तयार होणाऱ्या लॅक्टिक ॲसिडवर ढकलायची पद्धत आहे, पण ते व्यायाम थांबल्यावर तासाभरात रक्तातून बहुतेक निघून गेलेलं असतं.

इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. तेच काम काही दिवसांनी पुन्हा केलं तर दुखणं बरंच कमी होतं, आणि हे संरक्षण मिळवायला पहिली मात्रा मोठी असावी लागत नाही. पाच-पाच बैठकांचे दोन फेरेही पुरतात. तेव्हा पहिल्या आठवड्यात ‘एवढ्याने काय होणार’ असं वाटेल इतकंच करा आणि जमत असलं तरी वाढवू नका. पहिल्या दोन आठवड्यांत ताकद वाढवायची नसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहावंसं वाटेल, एवढीच सोय लावायची असते.

घरच्या घरी करायचं तर सुरुवातीला सूर्यनमस्कारच सुचवावेसे वाटतात. जागा लागते सतरंजीएवढी, सामान काही नाही, आणि आकडा मोजता येतो. सातारा भागातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांपर्यंत सूर्यनमस्कार नेले, त्यामागेही ही सोय होतीच. रथसप्तमीला १०८ घालणाऱ्यांचं कौतुक आहे, पण सुरुवात तिथून करू नये. पहिल्या आठवड्यात रोज ३, दुसऱ्यातही ३, मग दर आठवड्याला एक वाढवायचा. ११व्या आठवड्यात १२ होतात. संथ, श्वास सांभाळून घातलेल्या एका नमस्काराला पाऊण ते एक मिनिट लागतं. म्हणजे बाराचे फार तर बारा मिनिटं.

नमस्कार सुटण्याची कारणं बहुतेक वेळा शरीरातल्या तीन-चार ठिकाणी असतात. मनगट दुखतं, कारण सगळं वजन तळहाताच्या मनगटाकडच्या भागावर येतं. बोटं फाकवून बोटांच्या मुळांनी जमीन दाबली की भार विभागतो. तरीही दुखलं तर दोन आठवडे हात जमिनीऐवजी भिंतीला टेकवलेल्या, न हलणाऱ्या पलंगाच्या कडेवर ठेवा. हस्तपादासनात, म्हणजे उभ्याने वाकून हात पायांजवळ टेकवताना, गुडघे ताठ ठेवायचा हट्ट केला की मांडीमागच्या शिरा ओढल्या जातात आणि कंबर गोल होऊन तिच्यावर ताण येतो. गुडघे खुशाल वाकवा. भुजंगासनात, म्हणजे पालथं राहून छाती वर उचलताना, हात पूर्ण सरळ करून कंबरेतून मोडू नका. कोपरं थोडी वाकलेली, अंगालगत आणि छाती पुढे, एवढं पुरे. अश्वसंचलनासनात, म्हणजे एक पाय लांब मागे नेताना, मागचा गुडघा फरशीला टोचत असेल तर त्याखाली टॉवेलची घडी घाला. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून नमस्कार घालू नयेत, पाय सरकतो. आणि रक्तदाब आटोक्यात नसेल, काचबिंदू असेल किंवा चक्कर येत असेल तर डोकं खाली जाणाऱ्या स्थितींबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

आता वेळेचं. ‘उद्यापासून रोज करणार’ या वाक्यात ना वेळ असते ना जागा. ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांच्या एका गटाला फायदे-तोटे सांगून हुरूप दिला. दुसऱ्या गटाला तेच सांगून शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे लिहायला लावलं. पुढच्या आठवड्यात पहिल्या गटातल्या ३५ टक्क्यांनी व्यायाम केला, दुसऱ्यातल्या ९१ टक्क्यांनी. हा हिशोब एकाच आठवड्याचा आहे, त्यामुळे वर्षभराची खात्री त्यातून मिळत नाही. पण सुरुवात अडली असेल तर लिहून ठेवण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

लिहिताना घड्याळापेक्षा घरातल्या ठरलेल्या कामाला व्यायाम जोडलेला बरा. सकाळी सहाला उठून व्यायाम करा हा सल्ला देणाऱ्यांना त्या वेळी गॅसवर कुकर आणि पोळ्यांचा तवा असतो, याचा विसर पडतो. ज्या घरात सहा ते आठ ही डब्यांची वेळ आहे, तिथल्या बाईने ‘मुलं रिक्षात बसली की दार लावून लगेच सतरंजी’ असं ठरवावं. लगेच हा शब्द महत्त्वाचा. मध्ये चहा आणि मोबाइल आला की ती वेळ गेलीच. सलग वेळ मिळत नसेल तर तुकडे करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम, आणि दोन किंवा अधिक दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम सांगितला आहे. एका वेळी किमान दहा मिनिटं व्हायलाच हवीत, ही जुनी अट त्यात नाही. मध्यम श्रम म्हणजे चालता चालता बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग.

चालण्याचा नेम जून लागला की मोडतो. कोकणात, मुंबईत, घाटमाथ्यावर पावसाची तयारी मे महिन्यातच करून ठेवावी. इमारतीचा जिना हा चांगला पर्याय आहे: चढताना पायी, उतरताना लिफ्ट असेल तर लिफ्ट. यात लाज बाळगू नये. उतरताना मांडीला तेच लांबत-लांबत पेलण्याचं काम पडतं आणि पाय भरून येतात ते त्यानेच. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत उन्हं चढायच्या आत चालणं संपवावं किंवा ते दोन महिने सरळ घरात नमस्कार.

जिमची वर्षाची फी एकदम भरली म्हणजे पैसे वसूल करायला तरी जाऊ, हा विचार हमखास फसतो. अमेरिकेतल्या जिमच्या सभासदांवरचा २००६ सालचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे: महिन्याला ७० डॉलरपेक्षा जास्त भरणारे लोक महिन्यातून सरासरी ४.३ वेळा गेले. म्हणजे दर खेपेला १७ डॉलरहून जास्त पडले, आणि त्याच जिममध्ये दहा खेपांचा पास घेतला तर एक खेप १० डॉलरला पडत होती. पहिले दोन-तीन महिने दरमहाच भरा, महाग पडलं तरी. आणि जिम घर ते ऑफिस या वाटेवरच असू द्या, उलट्या दिशेला असली की पावसाळ्यात सुटतेच.

वजनकाट्यावर मात्र पहिले दोन महिने भिस्त ठेवू नका. साधारण ७० किलोच्या माणसाचे अर्धा तास भरभर चालून सव्वाशे ते दीडशे कॅलरी खर्च होतात. भाजीत वरून घातलेल्या एका मोठ्या चमचाभर तेलात १२० असतात. आहार तसाच ठेवून नुसत्या व्यायामाने काटा हलायची वाट पाहिली तर हुरूप जाणारच. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच, मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर नाडी मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. नियमित चालणाऱ्यांची ही नाडी काही आठवड्यांत हळूहळू उतरते. न थांबता किती मजले चढता येतात, तेही लिहा.

२१ दिवसांत सवय लागते, हा व्हॉट्सॲपवर फिरणारा आकडा डोक्यातून काढा. लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या आणि २०१०मध्ये छापलेल्या अभ्यासात एखादी गोष्ट आपोआप होऊ लागायला लागलेल्या दिवसांची मध्यम संख्या ६६ निघाली, आणि माणसागणिक ती १८ पासून २५४ पर्यंत होती. पाणी पिण्यासारखी सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. म्हणून वाईट दिवसासाठी तळाचा आकडा आधीच ठरवा: एक नमस्कार. पाहुणे आले, उशीर झाला, तरी एक. तो घातला की कॅलेंडरवर खूण करायची, अर्धी नाही, पूर्ण.

गणपतीत किंवा दिवाळीत आठवडा गेला तर परत येताना चुकलेल्याची भरपाई करू नका. पाच-सहा दिवसांचा खंड असेल तर जिथे होता तिथूनच. दोन आठवडे गेले तर आकडा निम्मा: ८ घालत असाल तर ४, आणि मग दर तीन दिवसांनी एक वाढवा. महिन्याहून जास्त गेला तर पुन्हा ३. ताप आला असेल तर तो पूर्ण उतरून एक-दोन दिवस जाईपर्यंत काहीच नाही, नंतर निम्म्यापासून. छातीत दुखलं, दम नेहमीपेक्षा लवकर लागला किंवा धडधड थांबेना, तर त्या दिवशी आकडा न बघता थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं.