दोन महिने भाडं माफ, पण कुठल्या भाड्यावर?

माझा मावसभाऊ आणि त्याची बायको डॅलसहून ऑस्टिनला राहायला येतायत, त्यामुळे सध्या माझे शनिवार त्यांच्यासाठी घरं बघण्यात जातात. उत्तर ऑस्टिनमध्ये डोमेनच्या आसपास किंवा पार्मर लेनवर जिकडे बघावं तिकडे फलक: ‘दोन महिने फुकट’, ‘आज बघा, आजच सही करा, अर्जाची फी माफ’. इथे याला मूव्ह-इन स्पेशल म्हणतात. २०२१ मध्ये ऑस्टिनची भाडी कडाडली तेव्हा बिल्डरांनी धडाधड कामं काढली. त्या इमारती २०२३-२४ मध्ये एकदमच तयार झाल्या, आणि इतके भाडेकरू आणायचे कुठून?

भावाने विचारलं, “ताई, मग सरळ भाडंच का कमी करत नाहीत?” तिथेच तर मेख आहे. अशा इमारतीची किंमत तिच्या भाड्याच्या उत्पन्नावरून ठरते, कर्ज देणारी बँकही तेच बघते. म्हणून कागदावरचा आकडा चढाच ठेवायचा आणि सूट बाजूने द्यायची. तुम्हाला याची झळ लागते ती करार संपल्यावर. नूतनीकरणाचा आकडा त्या चढ्या भाड्यावरून सुरू होतो, आणि भाडं किती वाढवावं याला टेक्सासात कायद्याची मर्यादा नाही.

नव्या इमारतीतलं एक वन बेडरूम घर बघितलं. भाडं १,७४० डॉलर, १४ महिन्यांचा करार, दोन महिने माफ. म्हणजे बारा महिन्यांचे २०,८८० डॉलर चौदांत वाटले की महिन्याला साधारण १,४९१. भाऊ खूश! मी म्हटलं, थांब, फीचा कागद मागू. दारातून कचरा उचलायचे ३० (नको असला तरी घ्यायचाच), पार्किंगचे ५०, कीटकनाशकाचे ५. झाले १,५७६, वर पाण्याचं बिल वेगळं. आणि माफी फक्त भाड्याला. या फिया चौदाही महिने चालू. जवळच्याच जुन्या कॉम्प्लेक्समध्ये कुठलीही स्पेशल नाही, भाडं १,५२५, पार्किंग त्यातच, कीटकनाशकाचे ५. शिवाय खिडकीसमोर ओकची झाडं.

लीझिंग ऑफिसातल्या मुलीशी भाड्यावरून घासाघीस करण्यात अर्थ नसतो. कोथरूडच्या घरमालक काकांना “थोडं बघा ना” म्हणता येतं. इथे आकडा कंप्युटर काढतो आणि तो उद्या बदललेला असतो. पण अ‍ॅडमिन फी (करार करताना एकदाच घेतात ती) किंवा पहिल्या महिन्याचं पार्किंग ती माफ करू शकते, तेवढं जरूर मागावं. आणि आपल्या लोकांसाठी खास: स्वयंपाकघरातला पंखा हवा बाहेर सोडतो की तिथेच फिरवतो, ते बघा. बऱ्याच घरांत मायक्रोवेव्हखालचा पंखा फोडणीचा धूर गाळून परत आपल्याच तोंडावर सोडतो, आणि स्मोक अलार्म हॉलमध्येच असतो.

सगळ्यात नीट वाचायचा तो सवलतीचा वेगळा कागद. करार मध्येच मोडला तर मिळालेली माफी परत भरावी लागेल, असं त्यावर बहुधा असतंच. भाऊ एच-वन-बी व्हिसावर आहे. नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. त्यात ती दुसऱ्या शहरात मिळाली, तर करार मोडण्याचा दंड आणि वर हे ‘फुकट’चे ३,४८० डॉलर, दोन्ही एकदम अंगावर. म्हणून मी तरी दोन महिने एकरकमी माफ करून घेण्यापेक्षा जिथे मुळात भाडंच कमी आहे तिथे सही करीन.

वहिनीला मात्र नव्या इमारतीच्या गच्चीवरचा पोहण्याचा तलाव फार आवडलाय. तिथला करार नोव्हेंबरपासून धरला तर पुढच्या वर्षीच्या डिसेंबरअखेर संपेल, हे मलाही मान्य आहे. थंडीत घरं रिकामी राहतात, तेव्हा वाढ कमी करा म्हणायला तोंड असतं. जुन्याचा बारा महिन्यांचा करार ऑक्टोबरअखेर संपतो, तेही काही वाईट नाही. जुन्यावाल्यांनी अ‍ॅडमिन फी सोडलीय आणि बुधवारपर्यंत घर राखून ठेवलंय.