वारकरी आणि हळदीकुंकू

पहाटे पाचला नाशिकहून निघालो तेव्हा गाडीत फक्त चालवणारा जागा होता (आणि त्याचीही खात्री नाही). नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात पोहोचलो तर हे धुकं! गोदावरी-कादवेचं पाणी तासभर नुसतं ऐकत बसलो. २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालेली ही जागा, आणि आम्हाला दिसत होते फक्त एकमेकांचे मफलर.

मग ऊन आलं. समोर शेकडो वारकरी! म्हणजे पक्षी हो. अंगाने काळेकुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा. त्यांच्यात हळदीकुंकू बदकांची एक जोडी. काळ्या चोचीचं टोक पिवळं, मुळाशी दोन लाल ठिपके. हे नाव ज्याने कोणी ठेवलं त्याला दंडवत. इंग्रजीत म्हणे नुसतं 'ठिपक्यांच्या चोचीचं बदक'. झालं, एवढंच!

तेवढ्यात पाण्यालगत तरंगत भोवत्या (शिकारी पक्षी) आला आणि अख्खा थवा एकदम उठला. आमचे मोठ्ठ्या लेन्सवाले मित्र नेमके तेव्हा थर्मासमधून चहा ओतत होते. महिनाभर तरी ऐकवणार आहोत.

जांभळी पाणकोंबडी राहिलीच बघायची. पुढच्या रविवारी कोण कोण येतंय?