उखळ उचलायला किती माणसं लागतात?

मी नैरोबीत राहते म्हटलं की पुण्याकडची मंडळी हमखास विचारतात, "तिथली एखादी म्हण सांग ना." मी दरवेळी केनियातल्या गिकुयू लोकांच्या भाषेतली एकच सांगते: "कामोइंगे कोयागा न्देरे." लगेच पुढचा प्रश्न येतो, "म्हणजे आपलं गाव करी ते राव न करी?" आजवर मी हो म्हणून सोडून दिलं. आज तुम्हीही तोच प्रश्न विचारलात म्हणून नीट सांगते, कारण त्या 'न्देरे'वर माझा जीव आहे.

न्देरे म्हणजे लाकडी उखळ, झाडाचं खोड कोरून केलेलं. नैरोबीजवळच्या कियाम्बूला आमच्या ओळखीच्या शोशोच्या अंगणात एक जुनं न्देरे होतं. (शोशो म्हणजे आजी.) एकदा अचानक पाऊस आला. मी धावत जाऊन त्याला हात घातला, तर ते जागचं हललं नाही. शोशोने सुनेला आणि शेजारणीला हाक मारली. चौघींनी मिळून ते छपराखाली नेलं, आणि दम खाताना तिने ही म्हण म्हटली.

त्या दिवशी मला त्यातला 'का' पहिल्यांदा नीट ऐकू आला. 'मोइंगे' म्हणजे लोक, जमाव. पुढे 'का' लागला की शब्द लहान होतो: 'मोते' म्हणजे झाड, 'कामोते' म्हणजे इवलंसं झाड. आपण उखळाची उखळी करताना शब्दाचा शेवट बदलतो, ते सुरुवात बदलतात. म्हणजे म्हणीत गाव नाहीच. इवलासा घोळका उखळ उचलतो, एवढंच ती म्हणते.

आणि रावही नाही. इंग्रज येण्यापूर्वी गिकुयूंना राजा नव्हता. वडीलधाऱ्यांची सभा, 'कियामा', निवाडे करायची. मग म्हणीत राव येणार कुठून? आपल्याकडे उखळात डोकं घालणारा एकटा असतो, उखळ पांढरं होतं तेही एकाचंच. त्यांच्या उखळाला मात्र चार हात लागतातच. त्यांची आणखी एक म्हण आहे, एका बोटाने ऊ मरत नाही. उवेला दोन नखं पुरतात, न्देरेला चारजणी. जेवढं काम तेवढी माणसं, हा हिशोब मला फार आवडतो.

शोशो आता मका गिरणीतून दळून आणते. तरी पाऊस थांबल्यावर न्देरे परत अंगणात ठेवायचं होतं, तेव्हा तिने मलाही निरोप धाडला. मी गेले.