मोठं इंजिन कधी घालतलंस?

आमच्या होडीला मोठं इंजिन कधी लावणार, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. एरवी या प्रश्नाला ‘बघूया’ म्हणून विषय बदलायची सवय झालीय. मे संपता संपता प्रवासी होड्या बंद होतात, वर ओढल्या जातात आणि मालवणजवळच्या आमच्या देवबागात हाच विषय सुरू होतो. वाडीतले विचारतात, “मोठा इंजिन कधी घालतलंस?” पर्यटक सीझनभर विचारून गेलेले असतात, “दादा, पुढच्या वर्षी साठ हॉर्सपॉवरचं लावा की, फार हळू जाते ही.” आणि पावसाळ्यातल्या खर्चाचा आकडा ऐकला की घरचेच विचारतात, “एवढे घातलेत, मग होडीत बदल काय झाला?”

बदल दिसत नाही हे खरं. पैसे फायबरच्या आत गेलेत.

आधी तुमच्या बाजूचं कबूल करतो. होडी 22 फुटी, फायबरची, म्हणजे काचेचे धागे रेझिन नावाच्या घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात बसवून केलेली. नुसतं कवच साडेसहाशे किलोच्या आसपास. दहा प्रवासी, दोन आमची माणसं, इंजिन, पेट्रोल, बॅटरी, नांगर, जॅकेटं धरली की सोळाशे किलोला पोचतं. मागे 40 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक, म्हणजे एका हॉर्सपॉवरमागे 40 किलो. होडीने पाणी कापत न जाता पाण्यावर चढून धावायचं असेल तर हा आकडा ढोबळमानाने 25 च्या आत हवा. तो नाही, म्हणून ती भरलेली असताना नाक वर करून पाणी ढकलत जाते. साठचं लावलं तर 27 येतो. म्हणजे तरीही काठावरच! सहा माणसांत झकास पळेल, दहांत पुन्हा तेच. शिवाय साठचं फोर-स्ट्रोक आमच्या इंजिनापेक्षा 35-40 किलो जड, आणि ते वजन बसतं कुठे, तर होडीच्या अगदी शेवटच्या फळीवर. तिला आम्ही ट्रान्समच म्हणतो. माझं सगळं उत्तर त्या फळीत आहे, त्यामुळे तिथे थोडं थांबावं लागेल.

फायबरच्या होडीचा ट्रान्सम निव्वळ फायबरचा नसतो. बाहेर फायबरचा एक थर, आत एक थर, मध्ये प्लायवूड. जोर प्लाय घेतो, फायबर त्याला कोरडं ठेवतं. हे कोरडं ठेवणं संपतं ते भोकांपाशी. इंजिनाचे बोल्ट, पाणी सोडायच्या बुचाची नळी, फिशफाइंडरच्या सेन्सरचे स्क्रू, कोणीतरी शिडीसाठी पाडलेली आणि नंतर एम-सीलने बुजवलेली भोकं. आमच्या होडीच्या ट्रान्समला आधीच्या मालकाच्या काळातली अशी भोकं भरपूर होती आणि त्यांत बाथरूमचं सिलिकॉन भरलेलं होतं. सिलिकॉन पहिल्या दिवशी छान दिसतं. इंजिनाच्या थरथरीने त्याची कड सुटते, पाणी प्लायच्या थरांत शिरतं आणि तिथून बाहेर पडायला त्याला वाट नसते. बाहेरून जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, चकाचक, आत चहात बुडवलेलं बिस्किट.

तपासायला यंत्र लागत नाही. इंजिन वर उचलून त्याच्या पायाला धरून खालीवर दाबायचं आणि ट्रान्समच्या वरच्या कडेकडे बघायचं. कड हलली तर पुढचं विचारूच नका. मग छोट्या हातोडीने इंचाइंचावर ठोकायचं. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. खात्री करायची तर आतल्या बाजूने, खालच्या कोपऱ्यात, 5 मिलिमीटरचं भोक पाडायचं. ड्रिलच्या टोकाला पिवळा कोरडा भुसा आला तर भोक बुजवून घरी जा. आमच्या होडीत आला तो काळपट लगदा, कुजलेल्या पाल्याच्या वासाचा, आणि मागोमाग पाण्याचा थेंब.

यावर लोक काय करतात तेही ठाऊक आहे. वरून चार भोकं पाडून रेझिन ओततात, किंवा बाहेरून स्टीलची पट्टी मारून बोल्ट आवळतात. ओल्या लाकडाला रेझिन धरत नाही, आणि पट्टी कुजणं थांबवत नाही, झाकते. या दोन्ही उपायांवर साठचं इंजिन टांगणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्या होडीत बसत नाही.

नीट करायचं तर असं. होडी ठोकळ्यांवर सरळ बसवायची, मागच्या भागाखाली दोन्ही बाजूंना आधार द्यायचा, कारण ट्रान्सम निघाला की कुशी फाकतात आणि तशाच फाकलेल्या राहिल्या तर नवीन फळी कधीच बसत नाही. आतला थर कडेपासून 60-70 मिलिमीटर सोडून ग्राइंडरने कापायचा. बाहेरच्या थराला हात लावायचा नाही, तोच आपला साचा. मग छिन्नीने प्लाय काढायचा. कुजलेला हाताने निघतो. जिवंत उरलेला तुकडाच दिवसभर छळतो. सगळं 36 नंबरच्या डिस्कने घासून स्वच्छ फायबर दिसेपर्यंत आणायचं. यात डस्ट मास्क चालत नाही, फिल्टरचा रेस्पिरेटर लागतो. काचेची पूड आणि रेझिनमधल्या स्टायरीनची वाफ यांना घरगुती उपाय नाही.

नवीन प्लाय 18 मिलिमीटरचे दोन, आयएस 710 शिक्क्याचे, म्हणजे मरीन. दुकानात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून आयएस 303 चा बीडब्ल्यूआर पुढे करतात. तो स्वयंपाकघराच्या कपाटाला ठीक आहे. पुठ्ठ्याचा नमुना कापून प्लाय त्यावर बेतायचा, दोन प्लायच्या मध्ये 450 ग्रॅमची (चौरस मीटरला) काचेच्या धाग्यांची मॅट रेझिनमध्ये भिजवून दाबायची, कडांना रेझिन पिऊन पिऊन पुरे होईपर्यंत पाजायचं. बाहेरच्या थराला चिकटवताना रेझिनमध्ये एरोसिल (दाटपणा आणणारी हलकी पूड) आणि बारीक कापलेली काच घालून लोण्यासारखी पुट्टी करायची, दातेरी पत्र्याने पसरायची आणि इंजिनाच्याच भोकांतून मेण लावलेले बोल्ट घालून आडव्या दांड्यांनी आवळायचं. सगळीकडून पुट्टी बाहेर आली पाहिजे. जिथे आली नाही तिथे हवा अडकली, आणि उद्या तिथेच पाणी बसणार.

पुट्टी घट्ट झाली की कोपऱ्यांत 25 मिलिमीटरची गोलाई भरायची, कारण काच काटकोनात वळत नाही, वळवली तर मागे पोकळी सोडते. त्यावर मॅट, 600 ग्रॅमचं रोव्हिंग (काचेचं जाड विणलेलं कापड), मॅट, रोव्हिंग, मॅट असे पाच थर. प्रत्येक थर कुशीवर आणि तळावर आधीच्यापेक्षा 50 मिलिमीटर पुढे न्यायचा. सगळं धरून साडेचार-पाच मिलिमीटर जाडी येते. आमच्या मापाच्या ट्रान्समला तीन किलो काच आणि चिकटवण्याचं धरून दहा-बारा किलो रेझिन लागतं. रेझिन आयसोफ्थॅलिक घ्यावं; साध्यापेक्षा महाग आहे, पाणी कमी पितं. हार्डनर आमच्या हवेत 1 टक्का पुरे, म्हणजे किलोला 10 मिली. एका वेळी किलोभरच कालवायचं आणि पसरट ट्रेमध्ये ठेवायचं. बादलीत ठेवलंत तर स्वतःच्याच उष्णतेने मिनिटांत दगड होतं, धूर निघतो तो वेगळा. एक्सलरेटर, म्हणजे रेझिन लवकर घट्ट करणारं औषध, बाटलीतून वेगळा घालायचा असेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, नंतर हार्डनर. दोन्ही एकमेकांत थेट ओतले तर भडका उडतो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दोन्ही बाटल्या एकाच फळीवर शेजारी ठेवलेल्या दिसतात.

आता यात मेख आहे, आणि इंजिनाचा प्रश्न विचारणाऱ्यांनी ती कधी ऐकूनच घेतली नाही. थंड देशांत होड्या हिवाळ्यात बाहेर काढतात. गारठा असतो, पण शेड बंद करून हीटर लावला की काम होतं. आमचा ‘हिवाळा’ म्हणजे जून ते ऑगस्ट. हवेत नव्वद टक्के ओल. काचेची मॅट ओल ओढते, प्लाय ओल ओढतो, रेझिन पांढुरकं पडतं आणि वरचा थर चिकटच राहतो. दिवाळीपासून मेपर्यंत धंदा, मग दुरुस्ती कधी? म्हणून प्लाय एप्रिलमध्ये आणायचा, मेच्या उन्हात वाळवायचा आणि तापलेला असतानाच रेझिनचा एक हात देऊन प्लास्टिकमध्ये बांधायचा. लावताना तो 60 नंबरच्या पॉलिशपेपरने खरवडून ॲसिटोनने पुसायचा. ट्रान्सम शेवटच्या फेरीनंतर लगेच, पाऊस धरायच्या आत उघडायचा. पाऊस आधी आला तर ताडपत्रीचा मांडव, आत दोन हॅलोजन, एक पंखा, आणि मॅट पेटत्या बल्बच्या पेटीत. तरी ज्या दिवशी फायबरवर हात फिरवल्यावर दमट लागतं त्या दिवशी थर चढवायचा नाही. शेवटच्या हातात मेणाचं द्रावण घातलेलं रेझिन, म्हणजे वरचा थर सुकतो. आठवडाभर इंजिन टांगायचं नाही, कितीही सुकल्यासारखं वाटलं तरी.

भोकं पाडायचीही पद्धत आहे. 12 मिलिमीटरचा बोल्ट असेल तर 18 चं भोक पाडून ते घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने (वेगळ्या जातीचं रेझिन) पूर्ण भरायचं, सुकल्यावर त्याच्या मध्यातून 12 चं पाडायचं. मग बोल्टभोवती प्लाय उरतच नाही, इपॉक्सीची नळी उरते. सील पॉलियुरेथेनचं. इपॉक्सी जुन्या पॉलिएस्टरवर, म्हणजे आधी वापरलेल्या रेझिनवर, बसते, उलटं केलंत तर सुटतं. म्हणून इपॉक्सीचं काम शेवटी.

हे झालं ते ‘दिसत नाही’ म्हणता ते काम.

बाकीचं दरवर्षीचं, लवकर सांगतो. इंजिन गोड्या पाण्यावर पंधरा मिनिटं चालवायचं, मग पेट्रोलची नळी काढून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलने हे सक्तीचं केलंय: ते टाकीत पावसाळाभर ठेवलं तर हवेतली ओल पितं, पाणी आणि अल्कोहोल तळाला वेगळं होतं आणि सप्टेंबरात इंजिन नेमका तळच ओढतं. टाकी रिकामी करा. गिअर ऑइल खालच्या स्क्रूने काढायचं. दुधाळ आलं तर सील गेलं, आणि सील बहुधा पाण्यातल्या पंख्यामागे गुंडाळलेल्या मासेमारीच्या तंगुसाने कापलेलं असतं. नवीन ऑइल खालूनच भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, नाहीतर आत हवा राहते. इम्पेलर, म्हणजे इंजिन थंड करणारं पाणी ओढणारा रबरी पंखा, दरवर्षी नवा. वाळूच्या उथळ खाडीत चालणाऱ्या इंजिनाला वर्षाआड परवडत नाही. इंजिनाऐवजी स्वतः गंजणारा झिंकचा तुकडा अर्धा झिजला की बदलायचा आणि त्याला रंग लावायचा नाही. इंजिन उभं ठेवायचं, म्हणजे आतलं पाणी गळून जातं.

वायरिंगला घरातली तांब्याची वायर वापरू नका. वर्षभरात आत हिरवी-काळी होते, बाहेरून नवी दिसते. टिन चढवलेली घ्या, जोड क्रिंप करून (दाबून बसवून) आत गोंद असलेली, तापवली की आवळणारी श्रिंक नळी चढवा. बिल्ज पंपाचा, म्हणजे तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा, फ्लोट स्विच मेन स्विचच्या आधी, थेट बॅटरीवर, बॅटरीजवळच फ्यूज घालून. आणि उघड्यावर ठेवलेल्या होडीचं बूच काढा, नाक वर ठेवा. दहा चौरस मीटर उघडी होडी आणि 100 मिलिमीटरचा एक दिवस म्हणजे आत हजार लिटर, एक टन. आपल्याकडे असे दिवस जुलैत कमी नसतात.

आता इंजिन. मी स्वतः कधीकाळी तुमच्याच बाजूला होतो. तेव्हा म्हणणं असं की धंदा वेगावर चालतो, दोन फेऱ्या जास्त झाल्या की इंजिनाचे पैसे फिटतात. त्या माणसाला आज मी काय सांगू? की खाडीतून त्सुनामी आयलंड या वाळूच्या बेटापर्यंत जायला वेग लागतच नाही? तो म्हणेल, खाडी-समुद्राच्या संगमाबाहेर डॉल्फिन दाखवायला जाता, परतताना वारा फिरतो, तेव्हा जोर हाताशी नको? आणि त्याचं चुकत नाही. अर्ध्या थ्रॉटलवर फोर-स्ट्रोक पेट्रोल बरंच कमी पितं, धूर नाही, आवाज नाही, हेही त्याचंच म्हणणं आणि तेही खरं. माझी बाजू एवढीच की भरलेल्या होडीला साठचं अर्ध्या थ्रॉटलवर कोणी चालवणार नाही. पूर्ण उघडलं की वाचलेलं पेट्रोल परत गेलं. शिवाय ट्रान्सम नवा असला तरी त्याचा जोर पुढे ज्या उभ्या कण्यांत जातो ते जुनेच आहेत, आणि ते ठोकून बघायला फरशी उचलावी लागते. ती यंदा उचलली नाही.

म्हणजे लावणार की नाही? इंजिन बदललं की नोंदणीत इंजिनाचा नंबर बदलतो, पुन्हा सर्व्हे, म्हणजे होडीची सरकारी तपासणी. तो सीझनच्या आधी व्हायचा तर नारळी पौर्णिमेच्या सुमाराला ठरवावं लागेल. तोवर फरशी उचलून दोन कणे बघतो. कोरडे निघाले तर तुम्हाला सांगायला माझ्याकडे कारण उरणार नाही, ओले निघाले तर पुढचा पावसाळाही फायबरच्या आत.